जस्ट-इन-टाइम फक्त जपान्यांनाच जमतं?

जस्ट-इन-टाइम म्हणजे माल लागेल तेव्हाच आणि लागेल तेवढाच आणायचा किंवा बनवायचा. ‘जपानी कामगार मुळातच शिस्तीचे, म्हणून तिथे जस्ट-इन-टाइम चालतं’ हे साफ चूक. कॅलिफोर्नियातला जनरल मोटर्सचा फ्रीमाँट कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. गैरहजेरीसाठी तो बदनाम होता. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत ‘नुम्मी’ या नावाने तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा बहुतेक कामगार जुनेच होते, युनियनही तीच. बदलली ती पद्धत: दोष दिसला की कामगाराने दोरी ओढायची, टीम लीडर लगेच येणार, ठरलेल्या खुणेपर्यंत दोष सुटला नाही तर लाइन थांबणार. दोरी ओढली म्हणून कुणाला झापायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं.

कानबानचं, म्हणजे प्रत्येक क्रेटबरोबर फिरणाऱ्या आणि पुढचा माल मागवणाऱ्या कार्डांचं, गणितही सगळीकडे सारखंच. ताशी ६० नग लागतात, माल यायला २ तास, १० टक्के जादा, क्रेटमध्ये २० नग: ६० × २ × १.१ ÷ २०, उत्तर ६.६, म्हणजे ७ कार्डं. सेटअपचा, म्हणजे यंत्र दुसऱ्या नगासाठी बदलून लावण्याचा, वेळ न घटवता कार्डं कमी केली की लाइन मालाविना उपाशी राहते.