राजमाता (ग्वाल्हेर)

राजमाता : गादीवरील राजाची जन्मदाती किंवा दत्तविधानाने झालेली आई. मराठा संस्थानांत राजा अज्ञान असेपर्यंत दौलतीचा कारभार पाहणाऱ्या विधवा राणीला या नात्यामुळे अधिकार मिळे. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यात एकोणिसाव्या शतकात असे प्रसंग वारंवार आले. पुढे संस्थान विलीन झाल्यावर विजयाराजे शिंदे यांच्यामुळे हे बिरुद निवडणुकीच्या राजकारणात रूढ झाले. स्त्रीच्या हाती आलेली सत्ता जवळजवळ प्रत्येक वेळी मुलाच्या नावाने आली, आणि ती किती काळ टिकावी हे ठरवणारे बहुधा पुरुष, त्यातही परके पुरुष होते, हे ग्वाल्हेरच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

पूर्वपीठिका : छत्रपती राजारामांच्या विधवा ताराबाई आणि अहिल्याबाई होळकर (कार. १७६७–९५) यांच्यामुळे विधवेने राज्य चालवणे मराठ्यांना अपरिचित नव्हते. शिंद्यांच्या घरात मात्र आरंभ कलहाने झाला. महादजी १७९४ मध्ये निवर्तल्यावर त्यांच्या विधवांचे गादीवर आलेल्या दौलतरावांशी बिनसले. मराठी इतिहासात हा झगडा ‘शिंदे बायांचे बंड’ म्हणून ओळखला जातो. या बायांचा छळ केल्याचा दोष कागलकर सर्जेराव घाटगे यांच्याकडे दिला जातो. त्याच सर्जेरावांची मुलगी, दौलतरावांची राणी बायजाबाई पुढे ग्वाल्हेरची सर्वांत समर्थ स्त्री राज्यकर्ती ठरली.

बायजाबाई व मुखत्यारीचा वाद : दौलतराव २१ मार्च १८२७ रोजी वारले. औरस पुत्र नव्हता, दत्तकही घेतलेला नव्हता. कारभार बायजाबाईंकडे राहावा अशी इच्छा त्यांनी अखेरच्या दिवसांत ईस्ट इंडिया कंपनीचे दरबारातील प्रतिनिधी (रेसिडेंट) मेजर स्टुअर्ट यांच्यापाशी बोलून दाखवली, असे सांगतात. ही इच्छा तहहयात मुखत्यारीची होती की दत्तक मुलगा वयात येईपर्यंतच्या पालकत्वाची, यावर पुढची सहा वर्षे वाद चालला आणि अभ्यासकांत तो अजूनही मिटलेला नाही. कंपनीच्या दप्तरावर विसंबणारे लेखक बायजाबाईंना मुदत संपल्यावरही सत्ता न सोडणारी बाई म्हणून रंगवतात. मराठी साधने वापरणारे त्यांच्या महसुली शिस्तीवर आणि सावकारी जाणकारीवर भर देतात. दोन्ही बाजू व्यक्तीच्या स्वभावावरच अधिक बोलतात. वादाचे खरे मूळ धर्मशास्त्रात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

निपुत्रिक विधवेला पतीच्या विभक्त मालमत्तेचा उपभोग हयातभर मिळतो. पण दत्तविधान झाले की दत्तक पुत्र हा मृताचा पुत्र म्हणून वारस ठरतो आणि विधवा केवळ त्याची पालक उरते. म्हणजे गादी चालू ठेवायची तर दत्तक घेतला पाहिजे, आणि दत्तक घेताच स्वतःचा हक्क संपतो. दत्तक घ्यायला पतीची आज्ञा लागते काय, हा दुसरा प्रश्न. हिंदू धर्मशास्त्राच्या बनारस संप्रदायात ती आवश्यक मानतात. महाराष्ट्र संप्रदायात नाही. महाराष्ट्र संप्रदायाचा एक आधारग्रंथ ‘व्यवहारमयूख’. त्याचा कर्ता नीलकंठभट्ट राहणारा काशीचाच, पण घराणे मूळचे पैठणचे. स्थलांतरित कुटुंब आपला कायदा बरोबर नेते, हे तत्त्व नंतर न्यायालयांनीही मानले. त्यामुळे चंबळेकाठी राहूनही शिंदे घराण्यातील विधवेचा दत्तकाधिकार दक्षिणी रिवाजाने मोजला गेला. मराठी असण्याचा कायदेशीर अर्थ इथे फार व्यावहारिक होता. नवऱ्याची लेखी आज्ञा नसतानाही विधवा वारस निवडू शकत होती.

कंपनी सरकार दत्तकासाठी आग्रही होते. जून १८२७ मध्ये घराण्याच्या एका शाखेतील मुकटराव हा सुमारे अकरा वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव जनकोजीराव ठेवण्यात आले. मुलगा वाढू लागला तशा तक्रारीही वाढल्या. कागदांवर शिक्का कोणाचा उठवायचा, हा त्यांतला मुख्य मुद्दा, कारण शिक्का ज्याचा त्याची दौलत. गव्हर्नर जनरल बेंटिंक डिसेंबर १८३२ मध्ये ग्वाल्हेरला आले. त्यांनी जनकोजीरावांना सबुरीचा सल्ला दिला, पण मुखत्यारी नेमकी कधी संपणार हे सांगण्याचे टाळले. हे मोघम ठेवणे सोयीचे होते असे मानण्यास जागा आहे. जुलै १८३३ मध्ये फौजेचा एक भाग जनकोजीरावांना मिळाला आणि बायजाबाईंना शहर सोडावे लागले. धोलपूरच्या बाजूने त्या आग्र्याकडे गेल्या व नंतर फतेगड, अलाहाबाद येथे राहिल्या. त्यांचे बंधू हिंदूराव घाटगे पुढे दिल्लीत स्थायिक झाले. तेथील टेकडीवरचा हिंदूराव वाडा त्यांचाच.

फतेगडच्या मुक्कामात १८३५ मध्ये फॅनी पार्क्स ही इंग्रज प्रवासी स्त्री त्यांना भेटली. तिच्या वर्णनात घोड्यावर मांड ठोकून बसणाऱ्या दक्षिणी बायका आहेत, आणि वैधव्याचे कडक नेम पाळणारी, एके काळी राज्य केलेली बाईही आहे. विवाहित स्त्रीला इंग्लंडच्या कायद्यात किती थोडे हक्क आहेत, यावर दोघींचे बोलणे झाले. परागंदा राणीशी आपल्या देशाच्या कायद्याची उणीदुणी काढणारी ही मेमसाहेब बेंटिंकपेक्षा स्पष्टवक्ती म्हणावी लागेल.

बायजाबाईंचा दानधर्म मोठा होता. काशीच्या ज्ञानवापीवरील स्तंभमंडप (१८२८) आणि उज्जैनचे गोपाळमंदिर ही त्यांची कामे. मथुरेला त्या सर्वतोमुख यज्ञ करणार या वार्तेवरून वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळण्याच्या आशेने उत्तरेत निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्या धामधुमीत तात्या टोपे यांनी कारभार हाती घेण्याविषयी बायजाबाईंना लिहिले होते. त्यांनी बंडाची बाजू घेतली नाही. १८६३ मध्ये त्यांचे निधन झाले.

ताराबाई, १८४३ : जनकोजीरावही ७ फेब्रुवारी १८४३ रोजी निपुत्रिक वारले. त्यांची विधवा ताराबाई जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती. तिने सुमारे आठ वर्षांच्या भगीरथरावाला दत्तक घेतले. तेच जयाजीराव. आईचे आणि मुलाचे वय असे असल्यावर सत्ता कारभाऱ्यांकडे जाणार हे उघड होते. कंपनीचा कल मामासाहेब कदम यांच्याकडे, तर दरबाराचा व ताराबाईंचा दादासाहेब खासगीवाले यांच्याकडे होता. हा तंटा महाराजपूर व पनिहार येथील लढायांपर्यंत गेला. दोन्ही लढाया एकाच दिवशी, २९ डिसेंबर १८४३ रोजी झाल्या. जानेवारी १८४४ च्या तहाने ताराबाईंना सालीना ३ लाख रुपये नेमणूक देऊन कारभारातून दूर केले आणि अज्ञानपणात राज्य चालवायला कौन्सिल नेमले. मुखत्यारीचा जो प्रश्न बेंटिंक यांनी मोघम ठेवला होता, तो असा तोफेने निकाली निघाला.

झाशीच्या लक्ष्मीबाई याच दत्तकप्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला येतात. त्यांचा दत्तक नामंजूर होऊन १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय येथे त्या पडल्या. तारीख कोणी १७ जून १८५८ देतात, कोणी १८ जून. शहरात १८ जून पाळला जातो. फुलबागेतील त्यांची समाधी आणि जयविलास राजवाडा यांतले अंतर थोडे आहे. राजवाड्याच्या विरोधकांनी ते निवडणुकांत भरपूर वापरले.

१८८६ नंतर : जयाजीरावांच्या मृत्यूनंतर (१८८६) त्यांचे पुत्र माधवराव अज्ञान होते व कारभार कौन्सिलकडे होता. त्यांच्या मातोश्री साख्याराजे यांचे स्थान आज शिवपुरीच्या छत्रीबागेत अधिक कळते. तेथे आईची आणि मुलाची छत्री समोरासमोर आहे. माधवराव १९२५ मध्ये पॅरिसला वारले तेव्हा त्यांचे पुत्र जिवाजीराव सुमारे नऊ वर्षांचे होते. त्या वेळच्या कौन्सिलच्या अध्यक्षस्थानी थोरल्या महाराणी चिंकूराजे होत्या. जिवाजीरावांच्या मातोश्री गजराराजे.

विजयाराजे : सागर येथे १९१९ मध्ये जन्मलेल्या लेखा दिव्येश्वरी देवी यांचे आजोळ नेपाळच्या राणा घराण्यातले. १९४१ मध्ये जिवाजीरावांशी लग्न होऊन मराठी रिवाजाप्रमाणे त्यांचे नाव बदलले. सून मराठा नाही म्हणून काही सरदार नाराज होते, असे त्यांच्या आत्मकथनावरून दिसते. मराठी दरबाराला परकी वाटलेली हीच सून हिंदी भाषक मतदाराला मात्र जवळची वाटली. तिच्या राजकीय यशाचा हा भाग अभ्यासकांनी पुरेसा लक्षात घेतलेला नाही. १९५२ मध्ये गुणा आणि ग्वाल्हेर या दोन्ही लोकसभा जागा हिंदुमहासभेचे वि. घ. देशपांडे यांनी जिंकल्या. ग्वाल्हेरची जागा सोडल्यावर ना. भा. खरे तेथून निवडून आले. हा जोर मोडण्यासाठी काँग्रेसला राजवाड्यातला उमेदवार हवा होता. १९५७ मध्ये गुण्यात विजयाराजे यांनी देशपांडे यांचा पराभव केला. १९६१ मध्ये जिवाजीराव वारले, आणि ‘महाराणी’ची ‘राजमाता’ झाली.

मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याशी बिनसल्यावर त्या १९६७ मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडल्या. त्या वर्षी त्यांनी गुण्याची लोकसभा स्वतंत्र पक्षातर्फे, तर करेराची विधानसभा जनसंघातर्फे जिंकली. लोकसभेची जागा सोडून त्या भोपाळला गेल्या. जुलैमध्ये काँग्रेसचे ३६ आमदार फुटले, मिश्र सरकार पडले आणि गोविंद नारायण सिंह मुख्यमंत्री झाले. सरकार पाडणारी बाई होती, खुर्चीवर बसणारा पुरुष. बायजाबाईंच्या काळाशी तुलना इथे मोहात पाडते, पण फरकही आहे. विजयाराजे यांना कोणी बाहेर काढले नव्हते.

डिसेंबर १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने राजांची मान्यता व तनखे गेले. ‘राजमाता’ हे बिरुद पोस्टरवर राहिले. त्याच वर्षी जनसंघातर्फे त्या भिंडहून, मुलगा माधवराव गुण्याहून आणि अटलबिहारी वाजपेयी ग्वाल्हेरहून निवडून आले होते. आणीबाणीत त्यांना तिहारमध्ये ठेवले होते. त्यानंतर मायलेकांचे मार्ग वेगळे झाले. माधवराव १९८० पर्यंत काँग्रेसमध्ये गेले आणि १९८४ मध्ये त्यांनी ग्वाल्हेरला वाजपेयींना हरवले. जिच्या अधिकाराचा उगम मातृत्वात, तिला मुलाच्या विरुद्ध पक्षात राहूनही तो अधिकार चालवता आला. संस्थानी काळात हे अशक्य होते. मात्र १९८७ च्या देवराला (राजस्थान) येथील सती प्रकरणानंतर विजयाराजे यांनी सतीसमर्थकांची बाजू घेतली. स्वतः विधवा असून सार्वजनिक सत्ता चालवणाऱ्या व्यक्तीची ही भूमिका त्यांच्या चरित्रकारांना आजही अडचणीची जाते. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

मुलींपैकी वसुंधराराजे १९८४ मध्ये भिंडला हरल्या; पुढच्या वर्षी सासरच्या धोलपूरने त्यांना राजस्थान विधानसभेत पाठवले. २००३ मध्ये त्या राजस्थानच्या पहिल्या स्त्री मुख्यमंत्री झाल्या. राजपुतांची लेक, जाटांची सून, गुज्जरांची विहीण अशी त्यांची ओळख प्रचारात करून दिली जाई. म्हणजे स्त्रीची नाती हाच जातींच्या बेरजेचा हिशेब.

राजवाड्याबाहेर : ग्वाल्हेर लोकसभा मतदारसंघातून २०२४ पर्यंत दोनच स्त्रिया निवडून आल्या, विजयाराजे (१९६२) व त्यांची मुलगी यशोधराराजे (२००७ ची पोटनिवडणूक व २००९). दोघीही महालातल्या. मराठी पुरुषांना मात्र महालाबाहेरूनही वाट होती. नारायण कृष्ण शेजवलकर महापौर व खासदार (१९७७, १९८०) झाले, त्यांचे पुत्र विवेक हेही दोन्ही झाले. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील वाड्यांतून आलेल्या मराठी स्त्रीला असा मार्ग सापडल्याचे दिसत नाही. प्रदेशाचे लिंगगुणोत्तरही बोलके आहे. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ग्वाल्हेर जिल्ह्यात ८६४, मुरैनात ८४०, भिंडात ८३७ स्त्रिया होत्या. याच भिंडमध्ये फेब्रुवारी १९८३ मध्ये मल्लाह जातीच्या फूलनदेवी यांनी शस्त्रे खाली ठेवली. त्या १९९६ मध्ये खासदार झाल्या, पण उत्तर प्रदेशातील मिर्झापूरहून. एप्रिल २०१८ मध्ये ॲट्रॉसिटी कायद्यावरून पुकारलेल्या भारत बंदच्या दिवशी ग्वाल्हेर, भिंड व मुरैना येथे हिंसाचारात माणसे दगावली. येथील राजकारणात जातीची धार किती तीव्र आहे हे त्यातून दिसले.

महालाशी नाते नसलेल्या स्त्रिया पदावर येऊ लागल्या त्या मुख्यतः आरक्षणाने. ७३ व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनंतर (१९९३) स्थानिक संस्थांत एकतृतीयांश जागा राखीव झाल्या. मध्य प्रदेशाने पुढे हे प्रमाण निम्म्यावर नेले. २०२२ मध्ये ग्वाल्हेरचे महापौरपद स्त्रियांसाठी राखीव असताना काँग्रेसच्या शोभा सिकरवार निवडून आल्या. पक्षाला हे पद ५७ वर्षांनी मिळाले. त्यांचे पती सतीश सिकरवार त्या वेळी ग्वाल्हेर पूर्वचे आमदार होते.