भार पेलते ते पाणी : कॅनडातील गोठलेल्या सरोवरांवरचा ट्रकमार्ग

कॅनडाच्या वायव्य प्रदेशाची राजधानी असलेल्या यलोनाइफ शहरातून पूर्वेकडे निघालेला सार्वजनिक रस्ता सुमारे ७० किलोमीटरवर टिबिट नावाच्या सरोवरापाशी संपतो. उन्हाळ्यात तिथून पुढे केवळ खडक, दलदल आणि असंख्य सरोवरे असतात. हिवाळ्यात मात्र याच ठिकाणाहून उत्तरेकडे जड वाहनांचा एक मार्ग सुरू होतो. १९८२ साली एका सोन्याच्या खाणीसाठी तो प्रथम आखला गेला, आणि आता तो मुख्यतः हिऱ्यांच्या खाणींना वर्षभराचे डिझेल, सिमेंट, स्फोटके आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवतो. त्याच्या लांबीचा सुमारे ८५ टक्के भाग गोठलेल्या सरोवरांवरून जातो आणि दोन सरोवरांमध्ये जमिनीचे छोटे पट्टे लागतात. फेब्रुवारी आणि मार्च असे जेमतेम दोन महिने तो खुला असतो. या खाणींतून निघणाऱ्या हिऱ्यांपैकी बऱ्याच हिऱ्यांना पुढे सुरतेत पैलू पडतात आणि त्यांचे व्यवहार मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील हिरेबाजारात होतात, त्यामुळे हा मार्ग आपल्याला वाटतो तितका परका नाही.

साठ टनांहून अधिक वजनाचा ट्रक जेमतेम एक मीटर जाडीच्या बर्फावरून जातो तेव्हा हे वजन बर्फाच्या ताकदीवर उभे आहे असे आपण समजतो. ते अर्धसत्य आहे. बर्फाचा थर पाण्यावर तरंगत असतो. ट्रक त्याच्यावर आला की थर किंचित वाकतो आणि ट्रकभोवती कित्येक मीटर त्रिज्येचा एक उथळ खळगा तयार होतो. या खळग्यामुळे जितके पाणी बाजूला सारले जाते, त्याचे वजन ट्रकच्या वजनाइतके असते. म्हणजे आर्किमिडीजचा नियम इथे जहाजाइतकाच लागू पडतो. ६० टनांसाठी ६० घनमीटर पाणी बाजूला सरले पाहिजे, आणि ते इतक्या मोठ्या क्षेत्रफळावर विभागले जाते की मध्यभागी बर्फ केवळ काही सेंटिमीटर खाली जातो. भार पेलते ते पाणी. बर्फाचे काम तो भार न तुटता दूरवर पसरवण्याचे आहे, आणि वाकताना त्याच्या तळाशी जो ताण निर्माण होतो तो सहन झाला नाही तरच थर फुटतो.

तो किती ताण सहन करील, याचा व्यवहारी अंदाज कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील लॉर्न गोल्ड यांनी १९७१ साली मांडला. बर्फाची जाडी सेंटिमीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करायचा आणि त्याला ४ ने गुणायचे, की सुरक्षित भार किलोग्रॅममध्ये मिळतो. ४० सेंटिमीटरला ६,४०० किलो, तर ८० सेंटिमीटरला २५,६०० किलो : जाडी दुप्पट, भार चौपट. रोज मोजमाप होत असेल आणि बर्फ उत्तम प्रतीचा असेल तर अभियंते ४ च्या जागी थोडा मोठा गुणांक वापरतात. पूर्ण भरलेल्या ट्रकना साधारण १०७ सेंटिमीटर जाडीवर परवानगी मिळते ती त्यामुळेच. उत्तम प्रतीचा बर्फ म्हणजे निळसर, पारदर्शक बर्फ. ओल्या हिमापासून झालेला पांढरा बर्फ हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला असल्याने नियमावल्या त्याला साधारण निम्म्याच ताकदीचा धरतात.

आता जाडी वाढते कशी ते पाहू, कारण या मार्गाचे सारे अर्थकारण त्यात आहे. बर्फ खालच्या बाजूने वाढतो. गोठताना पाण्याने सोडलेली उष्णता आधीच तयार झालेल्या थरातून वर हवेत जावी लागते, त्यामुळे थर जितका जाड तितकी पुढची वाढ संथ होते. योसेफ स्टेफान या ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञांनी १८९१ साली हे गणितात बसवले : जाडी ही साठलेल्या थंडीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. साठलेली थंडी म्हणजे रोजचे सरासरी तापमान शून्याखाली जितके अंश असेल त्या अंशांची हिवाळाभराची बेरीज. म्हणजे दुप्पट जाडीसाठी चौपट थंडी लागते. हा नियम आणि गोल्ड यांचा नियम शेजारी ठेवला की एक सुरेख गोष्ट दिसते : जाडी थंडीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आणि भार जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून भार सरळ थंडीच्या प्रमाणात. हिवाळ्याच्या आरंभीचा एक थंड दिवस आणि शेवटचा तितकाच थंड दिवस, दोन्ही रस्त्याच्या क्षमतेत सारखीच भर घालतात. आणि गमावलेला प्रत्येक थंड दिवस तितकीच घट करतो.

यात अडथळा आणते ते हिम. भुसभुशीत हिमात हवा कोंडलेली असते आणि सरोवरावर ते गोधडीसारखे पडून राहते. खालची उष्णता वर जाऊ शकत नाही आणि बर्फाची वाढ खुंटते. म्हणून रस्ता बांधणे म्हणजे मुख्यतः हिम हटवणे होय. जानेवारीच्या सुमारास बर्फ पुरेसा धरला की पाण्यावरही तरंगू शकणारी हलकी वाहने पुढे जातात आणि त्यांच्या मागे ओढलेले रडार जाडी मोजत राहते. रडारच्या लहरींना बर्फ आणि पाणी ही अगदी वेगळी माध्यमे असल्याने त्यांच्या सीमेवरून स्पष्ट प्रतिध्वनी मिळतो, आणि अधूनमधून भोक पाडून तो पडताळून पाहिला जातो. सरोवरांवर रस्ता सुमारे ५० मीटर रुंद ठेवतात. दोन ट्रकना इतकी जागा लागत नाही. पण हटवलेल्या हिमाचे ढीग कडेला बर्फ दाबतात आणि त्याखालचा बर्फ पातळही राहतो, त्यामुळे कडेने भेगा पडतात आणि चाके त्या भेगांपासून दूर ठेवावी लागतात.

भरलेल्या ट्रकसाठी वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर असते. ती घसरण्याच्या भीतीने ठेवलेली आहे असा समज सहज होतो. खरे कारण बर्फाखाली आहे. ट्रकबरोबर तो खळगाही सरकतो आणि बर्फाखालच्या पाण्यात लाट निर्माण होते. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो : ५ मीटर खोलीला तो ताशी सुमारे २५ किलोमीटर, तर २ मीटर खोलीला ताशी सुमारे १६ किलोमीटर भरतो. ट्रकचा वेग आणि लाटेचा वेग जुळले की लाट ट्रकच्या खालून निसटून जाऊ शकत नाही, ती साठत जाते, आणि जो थर उभ्या ट्रकला सहज पेलतो तोच फुटू शकतो. किनाऱ्याजवळ पाणी उथळ होत जाते, म्हणून तिथे वेग आणखी कमी करतात. शिवाय किनाऱ्यावर आदळलेली लाट परत ट्रककडेच येऊ नये म्हणून रस्ता किनाऱ्याला तिरका नेतात. दोन ट्रकमध्ये किमान अर्धा किलोमीटर अंतर राखतात ते दोघांचे खळगे एकत्र येऊ नयेत म्हणून. उलटपक्षी, उभे राहणेही निर्धोक नाही. बर्फ दीर्घकाळच्या भाराखाली हळूहळू वाकत राहतो, त्यामुळे बंद पडलेला ट्रक बराच वेळ एका जागी ठेवता येत नाही.

हे ज्ञान फार महाग पडले आहे. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला वेढा पडला तेव्हा लाडोगा सरोवराच्या बर्फावरून २२ नोव्हेंबर १९४१ पासून ट्रकांची वाहतूक सुरू झाली, आणि पहिल्या हिवाळ्यात साडेतीन लाख टनांहून अधिक माल त्या वाटेने शहरात पोहोचला. अनेक ट्रक बुडाले. तेव्हा लेनिनग्राडच्या भौतिक-तांत्रिक संस्थेतील नाउम रेनोव यांनी बर्फाचे वाकणे आपोआप नोंदवणारे उपकरण तयार केले, आणि त्या नोंदींतून वाहनांचा वेग व अंतर ठरवण्याचे नियम निघाले. भुकेल्या शहरात केलेले हे मोजमाप मला प्रयोगभौतिकीतील अत्यंत थोर कामांपैकी एक वाटते.

चालकाला मात्र या सगळ्यातील ऐकू येतो तो आवाज. थंडीने आकसताना आणि ट्रकखाली वाकताना बर्फ सतत कडकडतो. कोरड्या भेगा रोजच्या असतात आणि त्यांना कोणी घाबरत नाही. भेगेतून पाणी वर आले तरच ती थरभर आरपार गेली आहे असे समजून तो भाग बंद करतात.

ऊबदार हिवाळ्यात काय होते ते २००६ साली दिसले. मार्ग वेळेआधी बंद करावा लागला आणि शेकडो ट्रकांचा माल नंतर विमानाने न्यावा लागला. याच प्रदेशात काही बर्फमार्गांची जागा आता बारमाही रस्त्यांनी घेतली आहे. मॅकेंझी नदी आणि समुद्राच्या बर्फावरून टक्टोयाक्टक या किनाऱ्यावरच्या गावाला जाणारी हिवाळी वाट २०१७ साली बंद झाली आणि इनुविक या गावाहून तिथवर खडीचा रस्ता सुरू झाला. तो रस्ताही मुख्यतः हिवाळ्यातच बांधला गेला : कायम गोठलेल्या जमिनीवरचे गवत-माती न खरवडता, कापडी थर अंथरून त्यावर भराव टाकला, कारण ती जमीन वितळली तर वरचा रस्ता खचतो.