शिकण्याची शैली आणि शिकण्याची पातळी

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीतली एक आई गेल्या महिन्यात चौथीतल्या मुलाचा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आली. शाळेत ‘पर्सनलाइज्ड लर्निंग’ सुरू झालंय आणि त्यासाठी प्रत्येक मुलाचं प्रोफाइल काढलंय. आत रंगीत तक्ता आणि खाली निष्कर्ष: व्हिज्युअल लर्नर. “काकू, म्हणजे याला आता व्हिडिओच दाखवायचे का?” मुलगा शेजारीच बसला होता. मी त्याला वहीत ५२ वजा २७ करायला सांगितलं. उत्तर आलं ३५.

रिपोर्टमध्ये होती ती शैली आणि वहीत दिसली ती पातळी. दोन्हींना हल्ली ‘प्रत्येक मुलानुसार शिक्षण’ असं एकच नाव दिलं जातं. गणित शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. मला या सरमिसळीची काळजी वाटते, कारण पालक पैसे आणि आशा शैलीत गुंतवतात आणि मूल अडलेलं असतं पातळीवर.

शैलीची कल्पना अशी: काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही वाचून-लिहून, तर काही हाताने करून. त्यामुळे ज्याला त्याला त्याच्या मार्गाने शिकवावं. ऐकायला पटतं, कारण प्रत्येकाला आवडीनिवडी असतातच. पण आवड असणं वेगळं आणि त्या मार्गाने जास्त शिकणं वेगळं. २००८ साली चार अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तोवरच्या संशोधनाची छाननी केली. कल्पना खरी असेल, तर ‘बघणाऱ्या’ मुलांना चित्रांनी जास्त कळलं पाहिजे आणि ‘ऐकणाऱ्यां’ना तोच धडा ऐकून जास्त कळला पाहिजे, शिवाय परीक्षा दोघांची एकच हवी. या कसोटीला उतरेल असा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. बोटांच्या ठशांवरून बुद्धीचा कल सांगणाऱ्या चाचण्या तर त्याहून पोकळ आहेत. त्यावर एक रुपयाही खर्च करू नका.

माध्यम मुलापेक्षा विषयावर जास्त ठरतं. ठाण्याची खाडी कुठून कुठे जाते हे कळायला नकाशाच लागतो, मूल कसंही असो. ओवीची लय कानावर पडल्याशिवाय कुणालाच कळत नाही.

पातळी म्हणजे एका विशिष्ट कौशल्यात मूल आज कुठवर पोचलंय. ‘प्रथम’ ही संस्था १९९५ साली मुंबईच्या वस्त्यांमधून सुरू झाली. मुलांना वाचन आणि गणित कितपत येतं हे तपासणाऱ्या तिच्या ‘असर’ पाहणीची चाचणी बघा. वाचनात अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट. गणितात अंकओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार. एका मुलासोबत बसून काही मिनिटांत होते. ही पाहणी ग्रामीण भागात घरोघरी जाऊन होते, ठाणे शहरात नाही. पण तीच पट्टी इथल्या मुलालाही लावून बघता येते. याच विचारावर ‘प्रथम’ची शिकवण्याची पद्धत उभी आहे: दिवसातला थोडा वेळ इयत्ता बाजूला ठेवायची, मुलांचे पातळीनुसार गट करायचे आणि मूल पुढे सरकलं की त्याचा गट बदलायचा.

शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. गट बदलले नाहीत तर ती जुनीच ‘क’ तुकडी होते, आणि तिथे बसणाऱ्या मुलाला आपली किंमत बरोबर कळते. पातळी कौशल्याची असते, मुलाची नव्हे. वजाबाकीत अडलेला हाच मुलगा गोष्टीची पुस्तकं घडाघडा वाचतो.

संगणकाने हे जमतं का? जमू शकतं. ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरचा दिल्लीतल्या सहावी ते नववीच्या मुलांवर केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. सॉफ्टवेअर मुलाच्या खऱ्या पातळीवरचे प्रश्न द्यायचं, आणि साडेचार महिन्यांत चिठ्ठी टाकून निवडलेली मुलं इतरांच्या स्पष्ट पुढे गेली. त्यामुळे ओपन हाउसला शाळेने टॅब दाखवला की विचारा: हा मुलाची शैली ओळखतो, की ते कुठे चुकतंय ते ओळखतो?

आता ते ३५. मुलाने पाचातून दोन काढले, तीन उरले. एककात दोनातून सात जाईनात, म्हणून त्याने सातातूनच दोन काढले. निष्काळजीपणा नव्हे हा. त्याच्या लेखी ५२ म्हणजे शेजारी बसलेले पाच आणि दोन. पाच दशक आणि दोन एकक त्याच्या मनात अजून तयार झालेले नाहीत.

मी पाकिटातून दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी काढून त्याच्यासमोर ठेवली. “यातले सत्तावीस रुपये दे मला.” दोन नोटा त्याने पटकन दिल्या, मग नाण्यांकडे बघत थांबला. “सुट्टे करावे लागतील,” तो म्हणाला. आईने दहा नाणी आणून दिली. मोजून झाल्यावर त्याच्यापुढे पंचवीस उरले. त्याने वहीतलं ३५ स्वतःच खोडलं.

आई लगेच म्हणाली, “म्हणजे तो कायनेस्थेटिक आहे, हाताने करून शिकणारा! रिपोर्ट चुकला.” तिचं चुकलं असं कुणी पटकन म्हणणार नाही, इतकं ते खरं वाटतं. पण दशक सुटा करणं ज्या ज्या मुलाला कळत नाही, त्या प्रत्येकापुढे मी नोटा नाहीतर काड्यांचे गठ्ठे ठेवत आलेय. ती गरज वजाबाकीची आहे. एकदा पक्कं झालं की नोटा बाजूला ठेवायच्या, नाहीतर त्याचीच कुबडी होते.

त्याने आठवडाभर रोज चार गणितं केली, शेवटचे दोन दिवस नोटांशिवाय. काल ४०३ वजा १२८ दिलं तर मधल्या शून्यापाशी थांबला. शंभराची नोट आधी दहाच्या नोटांत मोडायची, मग त्यातली एक सुट्टी करायची. उद्या तेच करायचं आहे.