जुन्या डिझेल जीपचं इंजिन बदललं, आता आरसीचं काय? नवा इंजिन नंबर चढवण्याची अर्ज प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रं

इंजिन उतरवून दुसरं चढवायला चांगल्या मिस्त्रीला दोन-तीन दिवस पुरतात. त्याच इंजिनाचा नंबर आरसीवर चढायला आम्हाला साडेचार महिने लागले. त्यातले तीन महिने एका कागदापायी गेले. ज्या गाडीतून ते इंजिन निघालं होतं, तिचा कागद आमच्याकडे नव्हता.

गाडी वडिलांची, महिंद्रा एमएम ५४०. लातूर जिल्ह्यात औशाकडे आमचं रान डांबरी रस्त्यापासून बरंच आत आहे. मृग बरसला की त्या काळ्या मातीत ट्रॅक्टर आणि फोर-व्हील जीप यांशिवाय काही जात नाही. इंजिनाच्या ब्लॉकला, म्हणजे मुख्य ओतीव सांगाड्याला, तडा गेला तेव्हा 'घाला आता भंगारात' असं सगळ्यांनी सांगितलं. आम्ही घातली नाही. गाडी आज चालते, आणि कागदावरही चालते. मराठवाड्यात वाड्या-वस्त्यांवर अशा जीपा, कमांडर, मार्शल, आर्मडा अजून पुष्कळ आहेत. त्यांपैकी ज्यांच्या बॉनेटखाली एक नंबर आणि आरसीवर दुसरा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी ठरवा: दुरुस्ती की बदल

इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. त्यामुळे बोअर मारला, लायनर टाकले, रिंग-पिस्टन बदलले, हेड बदललं, पंप-नोझल नवे घातले, तरी ती दुरुस्तीच. त्यासाठी आरटीओत जायचं कारण नाही, फक्त बिलं जपून ठेवा. ब्लॉक बदलला की मात्र नंबर बदलतो आणि आरसीशी मेळ तुटतो. अर्ज लागतो तो इथे.

अशा वेळी हमखास एक सल्ला मिळतो: 'कशाला भानगड, जुनाच नंबर नव्या ब्लॉकवर ठोकून देतो.' आम्हालाही एका गॅरेजात हे ऐकवलं गेलं. कृपा करून असं करू नका. घासून पुन्हा ठोकलेला नंबर तपासणीत ओळखू येतो, आणि मग तुमची प्रामाणिक गाडी चोरीच्या संशयाखाली उभी राहते. ब्लॉकवर नंबरच नसेल तर तसं अर्जात लिहून द्या आणि पंचिंगबद्दल (नंबर कोरून घेण्याबद्दल) कार्यालय काय लेखी सांगतं ते पाहा. स्वतःहून त्याला हात लावू नका.

कोणतं इंजिन चालतं

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. त्याचा गाभा असा की आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांसाठी मान्यताप्राप्त किट बसवायची सोय त्याच कलमात आहे. पेट्रोल जीपला सरळ डिझेल इंजिन बसवणं त्या सोयीत बसेल असं धरून पैसे घालू नका.

आपल्या कामाचा अर्थ एवढा: त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं, त्याच इंधनाचं, तेवढ्याच सीसीचं इंजिन असेल तर आरसीवर फक्त नंबर बदलतो. आमच्या गाडीत प्यूजोचं एक्सडीपी ४.९०, २११२ सीसीचं इंजिन होतं. मिस्त्रीचा आग्रह होता महिंद्राच्याच २५२३ सीसीच्या डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिनाचा. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. डीआयचे सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात, प्यूजोचे शोधावे लागतात. पण कंपनी तीच असली तरी प्रकार वेगळा आणि सीसी वेगळी, म्हणजे आरसीवरचा तपशीलच बदलतो. असा अर्ज नाकारला जाण्याची तयारी ठेवावी लागते. आम्ही प्यूजोच शोधलं आणि त्याचा आज पश्चात्ताप नाही. तुमचं मन डीआयवर असेल तर इंजिनाचा इसार देण्याआधी आरटीओत लेखी विचारा. तोंडी 'होऊन जाईल'वर विसंबून राहू नका. ट्रॅक्टरचं किंवा दुसऱ्या कंपनीचं इंजिन असेल तर त्या वाटेला जाऊच नका.

परवानगीविना नियमबाह्य फेरफार केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफाराला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

अर्ज कोण करू शकतो

आरसीवर ज्याचं नाव आहे तोच. आमचं पहिलं अडलं ते इथे, कारण वडील जाऊन दोन वर्षं झाली होती आणि गाडी त्यांच्याच नावावर होती. मालक वारला तर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं आणि इतर वारसांची संमती लागते. उशीर झाला असेल तर आधी हे मिटवा, मगच इंजिनाकडे वळा. गाडी घेतली पण नावावर केली नाही अशांनी फॉर्म २९ आणि ३० आधी भरावेत.

कोणत्या कार्यालयात जायचं? कलम ५२ नुसार मालक जिथे राहतो तिथल्या. म्हणजे गाडीचा नंबर एमएच-१२ असला आणि तुम्ही लातूरला राहत असाल तर लातूरच्या कार्यालयात कळवता येतं. तिथून नोंद मूळ कार्यालयाला कळवली जाते. पण आरसीवरचा पत्ता जुना असेल तर आधी तो बदला. लातूर एमएच-२४, धाराशिव २५, नांदेड २६, परभणी २२, बीड २३, जालना २१, छत्रपती संभाजीनगर २०, हिंगोली ३८. अंबाजोगाईचं कार्यालय वेगळं आहे, एमएच-४४.

आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर वित्तसंस्थेच्या लेखी संमतीशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचं हे फार मोठं दुखणं आहे. कर्ज वीस वर्षांपूर्वी फिटलेलं, पण बोजा उतरवायचा राहून गेलेला, आणि पतसंस्था मधल्या काळात बुडालेली. अशा वेळी सहकार खात्याच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात त्या संस्थेवर अवसायक (बंद पडलेल्या संस्थेचा कारभार आवरणारा अधिकारी) नेमला आहे का ते विचारा. नेमला असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र त्याच्याकडून घेऊन बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ भरता येतो.

कागदपत्रं, आणि त्यातला सगळ्यात जड कागद

मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा हे नेहमीचंच. एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरप्लेट बसवलेली नसेल तर ती आधी बसवा, नाहीतर काम तिथेच थांबतं. त्याबरोबर इंजिन आणि चेसी नंबरची पेन्सिल छाप, आणि इंजिन बसवणाऱ्या गॅरेजचं बिल. बिलावर जुना नंबर, नवा नंबर आणि तारीख तिन्ही हवेत.

खरा जड कागद म्हणजे नवं इंजिन कुठून आलं याचा पुरावा. नुसत्या 'डिझेल इंजिन १ नग' एवढ्या बिलाला किंमत नाही. बिलावर विकणाऱ्याचं नाव, जीएसटी क्रमांक आणि इंजिन नंबर असायला हवा. जोडीला मूळ गाडीच्या आरसीची प्रत आणि ती गाडी मोडीत काढून तिची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा मिळाला तर अर्ध्याहून जास्त काम झालं. इंजिन सरकारी लिलावातून आलं असेल तर लिलावाचं सुटकापत्र चांगला आधार ठरतं. आम्ही इंजिन घेतलं तेव्हा विक्रेत्याने 'कागद नंतर देतो' म्हटलं आणि आम्ही पैसे मोजले. पुढचे तीन महिने त्याच्या दुकानाच्या चकरा मारल्या. मूळ गाडीचा मालक दुसऱ्या जिल्ह्यात निघाला आणि त्याने तर नोंदणी रद्दच केली नव्हती. शेवटी त्याला विनंती करून, त्याच्याबरोबर जाऊन ती रद्द करून घेतली, तेव्हा आमचा अर्ज हलला. म्हणून कळकळीने सांगतो, पैसे आणि कागद एकाच वेळी हातोहात व्हायला हवेत.

एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) संकेतस्थळावर गाडीची माहिती टाकून ती चोरीच्या नोंदीत आहे का हे पाहता येतं. ज्या गाडीतून इंजिन आलं तिचा नंबर, चेसी आणि इंजिन क्रमांक टाकून तो दाखला काढा आणि अर्जाला जोडा. काही कार्यालयं प्रतिज्ञापत्रही मागतात. त्यात इंजिन कायदेशीर मार्गाने घेतलं आणि इंधन, सीसी बदललेली नाही एवढं स्पष्ट असावं.

अर्ज भरताना

सगळ्यात उत्तम क्रम म्हणजे आधी मंजुरी, मग इंजिन. इंजिन आधीच बसवलं असेल तर बदल केल्यापासून चौदा दिवसांच्या आत कळवायचं असं कलम ५२ सांगतं. गॅरेजच्या बिलावरची तारीख इथे मोजली जाते. चौदा दिवस उलटून गेले असतील तरी लपवू नका, उशिराचं कारण लिहून अर्ज करा.

परिवहन संकेतस्थळावरच्या वाहन सेवांमध्ये गाडीचा नंबर आणि चेसीचे शेवटचे पाच अंक टाकून फेरफाराची सेवा निवडायची. ओटीपी आरसीशी जोडलेल्या मोबाइलवर येतो, तेव्हा आधी मोबाइल नोंद अद्ययावत करा. जुन्या पुस्तकी आरसीच्या कितीतरी गाड्या ऑनलाइन दिसतच नाहीत. तसं झालं तर मूळ नोंदणीच्या कार्यालयात बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या आरसीची माहिती संगणकात चढवून, करून घ्यावी लागते. ते काम एक-दोन खेपांचं असतं. शुल्क अर्ज भरताना पडद्यावर दिसतं ते ऑनलाइन भरा, पावती छापून घ्या आणि तपासणीची तारीख घ्या.

तपासणीच्या दिवशी

मोटार वाहन निरीक्षक दोन्ही नंबर स्वतः वाचून बघतात. म्हणून आदल्या दिवशी ब्लॉकवरचं ऑइल-चिखल रॉकेल लावून पुसा, नंबर उजेडात वाचता यायला हवा. घासपेपर लावू नका. दिवे, इंडिकेटर, हॉर्न, ब्रेक, वायपर, रिफ्लेक्टर चालू स्थितीत हवेत. छतावरचे जास्तीचे दिवे आणि बाहेर आलेली रुंद चाकं असतील तर तीही फेरफारातच मोजली जातात. ती काढूनच जा.

पीयूसीचं वेगळं सांगतो. बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक (धुराचा दाटपणा मोजायचं माप) आहे. बदललेलं इंजिन पहिल्या झटक्यात काळा धूर टाकत असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा दोष नोझल किंवा पंपाच्या टायमिंगमध्ये असतो. चाचणीला जाताना एअर फिल्टर साफ करा आणि गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून पूर्ण गरम करून न्या. थंड इंजिन जास्त धूर सोडतं. या वयाच्या गाडीला पीयूसी सहा महिन्यांचीच मिळते.

इंजिन बदलताना एक तार हमखास जोडायची राहते, इंजिन ते चेसी अर्थिंगची. ती नसली की स्टार्टर जड फिरतो आणि करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो, केबल हाताला चटका देते. आमचे दोन स्टार्टर उगाच खोलले गेले, दोष त्या एका पट्टीचा होता. बोअरवेलचं क्षाराचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. आपल्या मे महिन्यात चाळीसच्या वर पारा असताना पहिल्याच चढावर काटा लालवर जातो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर वापरा. शेतावर ड्रममध्ये साठवलेल्या डिझेलमध्ये पाणी उतरतं. ते फिल्टरखालच्या वाटीतून काढत राहा, नाहीतर पंप खराब होतो किंवा लाइन हवा धरते.

गाडीचं वय आणि फेरनोंदणी

डिझेल गाडी दहा वर्षांनी बंद, हा नियम दिल्ली आणि आसपासच्या राजधानी परिसराचा (एनसीआर). मराठवाड्यात तो लागू नाही. आपल्याकडे खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे फॉर्म २५ वर दर वेळी पाच वर्षांची फेरनोंदणी. मुदत संपण्याआधी साठ दिवसांत अर्ज करता येतो. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या हलक्या मोटारीला फेरनोंदणी शुल्क दहा हजार रुपये आहे, आणि मुदत उलटल्यास महिन्याला पाचशे रुपये जादा. शिवाय राज्याचा पर्यावरण कर. फेरनोंदणी जवळ आली असेल तर इंजिनाची नोंद तिच्या आधी उरका, कारण फेरनोंदणीच्या तपासणीत नंबर जुळला नाही तर तीही अडते. गाडी टॅक्सी किंवा माल वाहतुकीच्या पासिंगची असेल तर फिटनेस आणि परमिट वेगळं पाहावं लागतं.

नवी आरसी हातात आली की इंजिन नंबर ब्लॉकशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. आमच्या आरसीवर इंग्रजी बीच्या जागी आठ छापून आला होता, तो दुरुस्त करायला पुन्हा एक खेप झाली. मग आरसीची प्रत विमा कंपनीला देऊन पॉलिसीवर नवा नंबर चढवून घ्या, नाहीतर अपघातानंतर दाव्यात हाच मुद्दा पुढे येतो. आणि ज्या गाडीतून इंजिन आलं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून आरसीच्या मागेच ठेवा.