लसीचा गुण कोणाला येणार? कॅन्सर लस आणि बायोमार्करची पार्श्वभूमी

डिसेंबर २०२४ मध्ये रशियाने कॅन्सरवर लस तयार झाल्याची घोषणा केली आणि ती बातमी व्हॉट्सॲपवरून खेड्यापाड्यांत पोचली. दोनच महिन्यांनी बुलढाण्याचे खासदार आणि केंद्रीय राज्यमंत्री प्रतापराव जाधव यांनी ९ ते १६ वयाच्या मुलींसाठी कॅन्सरविरोधी लस पाच-सहा महिन्यांत येईल, असे सांगितले. पारावर या दोन बातम्यांची एकच बातमी झाली. वास्तविक मुलींची लस आजार होऊ नये म्हणून द्यायची असते. रशियाने सांगितलेली लस आजार झालेल्या माणसासाठी आहे. त्याच्या गाठीतल्या पेशी ओळखून मारायला ती शरीराच्या संरक्षण यंत्रणेला शिकवते. ही नोंद या दुसऱ्या जातीच्या लसींबद्दल आहे. "डॉक्टरसाहेब, याचा गुण येईन का?" हा वऱ्हाडातल्या प्रत्येक ओपीडीतला प्रश्न संशोधकांनाही गेली तीस-पस्तीस वर्षे छळतो आहे. त्याचे उत्तर आधीच देऊ शकेल अशी रक्तातली किंवा गाठीतली खूण म्हणजे बायोमार्कर.

सुरुवात १८९१ ची. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी गाठीत जिवंत जंतू टोचले. काहींच्या गाठी विरघळल्या, बहुतेकांच्या नाही, आणि असे का याचा पत्ता लागायची साधने तेव्हा नव्हती. पुढे १९७६ मध्ये कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी क्षयाची बीसीजी लस मूत्राशयाच्या वरवरच्या कॅन्सरवर वापरून दाखवली. आपल्या दंडावर जिचा वण असतो तीच ही लस, आणि त्या आजारात ती आजही दिली जाते.

खुणांचा खरा शोध १९९१ मध्ये सुरू झाला. ब्रसेल्समध्ये थिएरी बून यांच्या गटाने मेज नावाचे जनुक शोधले. त्यापासून बनणारे प्रथिन कॅन्सरच्या पेशींवर टी पेशींना, म्हणजे संरक्षण यंत्रणेतल्या मारेकरी पेशींना, ओळखता येते. मग दोन अटी आपोआप आल्या: रुग्णाच्या गाठीत ते प्रथिन असले पाहिजे आणि त्याचा एचएलए प्रकार जुळला पाहिजे. एचएलए म्हणजे पेशीच्या आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर आणून टी पेशींना दाखवणारे रेणू. किडनी बदलताना जुळवून पाहतात तेच. युरोप-अमेरिकेतल्या बऱ्याच लसी ए-०२:०१ या प्रकारावर बेतल्या गेल्या, कारण तिथे तो सर्रास आढळतो. भारतीयांत ए-२ गटातले ०२:११ सारखे वेगळे उपप्रकार बरेच दिसतात. म्हणजे चाचणीत भाग घेता येईल का, हे आपल्या माणसाच्या बाबतीत पहिल्याच पायरीवर अडू शकते.

२००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतले स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी हिशेब मांडला. त्यांच्या संस्थेत लस दिलेल्या ४४० रुग्णांपैकी जेमतेम २.६ टक्क्यांच्या गाठी लक्षणीय आकसल्या होत्या. २०१० मध्ये प्रोस्टेट कॅन्सरवरच्या सिप्युल्युसेल-टी या लसीला अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हा वेगळाच पेच पडला. मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण जितके जगतात तो काळ) २१.७ वरून २५.८ महिन्यांवर गेले, पण गाठी फारशा आकसल्या नाहीत. मग गुण आला हे मोजायचे तरी कशावरून? नंतरच्या विश्लेषणात, सुरुवातीला पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारे प्रथिन) कमी असलेल्यांना फायदा जास्त झाल्याचे दिसले.

माझ्या मते या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे तो फसलेल्या खुणांचा. मेजच्याच कुळातल्या प्रथिनावर बेतलेल्या मेज-ए३ लसीच्या छोट्या चाचणीत गाठीतल्या ८४ जनुकांची एक ठेवण, म्हणजे कोणते जनुक किती जागे याचा नमुना, सापडली. ती असलेल्यांना लस लागू पडते असे वाटले. मग मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) मोठ्या चाचणीत ती ठेवण असलेल्यांचा हिशेब वेगळा करून पाहिला, तर त्यांनाही फायदा नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या २,२७२ रुग्णांवरच्या चाचणीतही लस हरली. किडनीच्या कॅन्सरवरच्या आयएमए-९०१ लसीच्या वेळी रक्तातली दोन प्रथिने आशादायक ठरली होती. पुढच्या टप्प्यात लसच निरुपयोगी निघाली. २०२३ मधला किस्सा तर उफराटा आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपूर्व विकारावरच्या व्हीजीएक्स-३१०० लसीचा फरक सगळ्या स्त्रिया धरल्या तर दिसला, आणि बायोमार्कर पाहून निवडलेल्या स्त्रियांतच सिद्ध झाला नाही.

असे का होते? शेकडो जनुके आणि मूठभर रुग्ण असले की योगायोगाने जुळणारे काहीतरी सापडतेच. दुसरे कारण शेतकऱ्याला लगेच पटेल. काळ्या कसदार वावरात कोणतेही बियाणे बरे येते, त्यावरून बियाणे चांगले ठरत नाही. शेजारच्या तासात जुने बियाणे पेरून पाहावे लागते. २००६ मध्ये पॅरिसच्या जेरोम गॅलाँ यांनी दाखवले की आतड्याच्या गाठीत टी पेशींची दाटी असलेले रुग्ण जास्त जगतात. पण ते लसीशिवायही जास्त जगतात. ही खूण आजाराचा कल सांगते; लस लागू पडेल का, ते नाही. लस न दिलेला गट शेजारी नसेल तर या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

२०१७ नंतर प्रत्येक रुग्णाच्या गाठीच्या जनुकांतले बदल वाचून त्याच्यापुरती लस बनवण्याचे युग आले. २०२३ मध्ये १५७ मेलानोमा रुग्णांच्या चाचणीत अशी एमआरएनए लस (प्रथिन बनवण्याचा निरोप पेशीला देणारी) इम्युनोथेरपीसोबत, म्हणजे संरक्षण यंत्रणेला मोकळे करणाऱ्या औषधासोबत, दिल्यावर आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी घटला. त्याच वर्षी स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये १६ पैकी ८ रुग्णांत लसीने टी पेशी जागवल्या, आणि त्या काळात त्या आठ जणांचा आजार उलटला नाही. ज्या कॅन्सरमध्ये बदल थोडे त्यात लस चालणार नाही, या समजाला तिथे तडा गेला. मात्र ही खूण दिसली ती लस दिल्यानंतर.

आपल्याकडे प्रश्न आणखी वेगळा आहे. विदर्भात तोंडाचा कॅन्सर जागोजागी भेटतो, कारण सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून बनणारा खर्रा. पाश्चात्त्य देशांत घशाचे बरेच कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतात आणि तिथल्या लसी त्या विषाणूच्या प्रथिनांवर नेम धरतात. आपल्या खर्रेवाल्याच्या गालातल्या गाठीत तो विषाणू बहुधा नसतोच. नवी मुंबई आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या संस्थांतल्या भारतीय शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये गाल-हिरडीच्या कॅन्सरची जनुके वाचली, तेव्हा टीपी-५३ या जनुकासोबत कॅस्प-८ या जनुकामध्येही वारंवार बदल सापडले. टी पेशीने दिलेला मरणाचा इशारा गाठीच्या पेशीत पोचवणाऱ्या साखळीतली कॅस्प-८ ही एक कडी आहे. ती तुटली तर टी पेशी जाग्या होऊनही उपयोग कमी. परदेशी रुग्णांवर बेतलेली खूण इथे तशीच लावता येणार नाही, ती याचसाठी.

हे सगळे तपासायला लागतो तो गाठीचा तुकडा. तालुक्याच्या गावी बायप्सी होते, फॉर्मालिनची छोटी बाटली नातेवाइकाच्या हातात येते आणि चिकटपट्टी लावून पिशवीतून एसटीने नागपूर किंवा सेवाग्रामला जाते. तुकडा त्या द्रावणात फार दिवस राहिला तर आरएनए (जनुकांचा निरोप वाहणारा रेणू) तुटतो. कॅन्सर आहे की नाही हे तरीही कळते, जनुकांचे वाचन मात्र बिघडते. तपासणीनंतर तो तुकडा मेणाच्या ठोकळ्यात प्रयोगशाळेत राहतो. त्याला ब्लॉक म्हणतात. रिपोर्टचा कागद घरोघरी फाइलमध्ये जपतात, ब्लॉकची आठवण कुणाला नसते. दुसऱ्या दवाखान्यात जाताना अर्ज करून ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्याव्यात आणि पोचपावती ठेवावी. उन्हाळ्यात तो ठोकळा गाडीच्या डिकीत ठेवू नये, मेण मऊ पडते.