कोनी आयलंड आणि लोकसंस्कृती

कोनी आयलंड : न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला, अटलांटिक महासागराच्या काठावर वसलेला करमणुकीचा भाग. नावात बेट असले तरी मधली खाडी बरीचशी बुजवल्याने तो आता मुख्य जमिनीला जोडलेला आहे. 1884 मध्ये लामार्कस थॉम्पसनने येथे ‘स्विचबॅक रेल्वे’ ही चढउताराची गाडी सुरू केली. वेग ताशी जेमतेम 10 किमी, तिकीट 5 सेंट. पण अमेरिकेतील रोलर कोस्टरचा धंदा तिच्यामुळेच मार्गी लागला. पुढे स्टीपलचेस (1897), लूना पार्क (1903) आणि ड्रीमलँड (1904) ही तीन मोठी उद्याने उभी राहिली. 1920 मध्ये भुयारी रेल्वे पोचली आणि 5 सेंटांत कामगारवस्त्यांतील माणसे समुद्रावर येऊ लागली.

पाळणे आणि चक्रे इतरत्रही होती. गर्दीलाच तमाशा करण्याची युक्ती मात्र इथे मुरली. स्टीपलचेसचा मालक जॉर्ज टिल्यू त्यात पटाईत होता. यांत्रिक घोड्यांची शर्यत संपली की बाहेर पडण्याची वाट थेट एका रंगमंचावरून जाई. तिथे पायाखालून हवेचा झोत सुटे, बायकांचे झगे वर उडत, पुरुषांच्या टोप्या भिरकावल्या जात आणि विदूषक विजेच्या काठीने चिमटे काढी. समोर बसून खदखदणाऱ्यांपैकी बरेचजण नुकतेच त्याच फजितीतून सुटलेले असत. या विनोदाचा मोठा भाग बायकांच्या लाजेवर पोसलेला होता, हे नोंदवायलाच हवे. तरीही दूरचित्रवाणीवरील छुप्या कॅमेऱ्याच्या कार्यक्रमांचे मूळ इथे दिसते. 1907 मध्ये उद्यान जळाले, तेव्हा टिल्यूने धुमसते अवशेष पाहायला 10 सेंट तिकीट लावले.

लूना पार्कची जादू विजेची होती. घरोघरी वीज पोचलेली नसताना तिथे सुमारे अडीच लाख दिवे लागत. जोसेफ स्टेला या चित्रकाराने त्या झगमगाटावर 1913-14 मध्ये भलेमोठे चित्र रंगवले. उद्यानाचे नाव मेलबर्न (1912) व सिडनी (1935) येथे गेले. इटालियन, ग्रीक अशा भाषांत तर करमणूक उद्यानालाच ‘लूना पार्क’ म्हणतात. कोनी आयलंडच्या लूना पार्कच्याच जागेवर जानेवारी 1903 मध्ये टॉप्सी नावाच्या हत्तिणीला विजेचा धक्का देऊन मारण्यात आले व एडिसनच्या कंपनीने त्याचे चित्रीकरण केले. ही घटना एडिसनच्या ‘प्रवाहयुद्धा’तील (एकदिश की प्रत्यावर्ती वीजप्रवाह, या वादातील) म्हणून सर्रास सांगितली जाते. ते खरे नाही. ते युद्ध दहाएक वर्षांपूर्वीच संपले होते.

सिनेमाला ही जागा आयतीच सापडली. मूकपटांतील विनोदी नट हॅरॉल्ड लॉइडच्या ‘स्पीडी’ (1928) मध्ये नायक-नायिका इथे रविवार घालवतात. ‘लिटल फ्युजिटिव्ह’ (1953) अधिक महत्त्वाचा: घरातून पळालेला छोटा मुलगा इथे एकटा भटकतो. अंगावर बाळगता येणाऱ्या लहान कॅमेऱ्याने हा चित्रपट चित्रित केल्यामुळे आजूबाजूच्या खऱ्या गर्दीला पत्ताही लागला नाही. फ्रेंच नवसिनेमाच्या (‘न्यू वेव्ह’) दिग्दर्शकांवर त्याचा प्रभाव पडला. याउलट वीजी या छायाचित्रकाराच्या 1940 च्या प्रसिद्ध फोटोत पुळणीवरचे हजारो लोक थेट कॅमेऱ्याकडे पाहून हात हलवतात.

स्टीपलचेस 1964 मध्ये बंद पडले. जमीन विकत घेणारे बांधकाम व्यावसायिक फ्रेड ट्रम्प यांनी 1966 मध्ये पाहुणे बोलावून, विटा फेकून काचा फोडण्याचा सोहळा करत ते पाडले. त्यानंतरच्या पडझडीची छाया ‘द वॉरियर्स’ (1979) या चित्रपटात आहे. त्यातली टोळी रात्रभर जीव मुठीत धरून शहर ओलांडते, ती इथे घरी परतण्यासाठी.

1927 चा लाकडी रोलर कोस्टर ‘सायक्लोन’ आणि 1920 चा ‘वंडर व्हील’ हा आकाशपाळणा अजून चालू आहेत. 1983 पासून दर उन्हाळ्यात जलपऱ्यांची मिरवणूक निघते. वेश ज्याने-त्याने स्वतः शिवायचा. 4 जुलैची हॉट डॉग खाण्याची स्पर्धा दूरचित्रवाणीवर देशभर दिसते. ती 1916 पासून चालत आल्याची कथा प्रसिद्धीसाठी रचलेली होती, हे रचणाऱ्यानेच पुढे मान्य केले. मिशिगन राज्यात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, खिम्याचा रस्सा घातलेले हॉट डॉग विकणाऱ्या खाणावळींनाही ‘कोनी आयलंड’च म्हणतात.