ग्वाल्हेरच्या जुन्या घरात खिडक्या बदलायच्या आहेत? आधी परवानगी, मग माप, मग ॲडव्हान्स

जानेवारीत रात्रीचं तापमान पाच अंशांखाली उतरलं की लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत झडपांच्या फटींतून येणारा वारा रजईतसुद्धा जाणवतो. मग दुसऱ्या दिवशी युपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) खिडक्या बनवणाऱ्याला फोन जातो, तो माप घेतो, निम्मे पैसे घेतो. चूक इथेच होते. ही खिडकी मापावर कापून येते, परत जात नाही. आणि घर कुठे आहे यावर परवानगी एका अर्जात उरकते, की साडेतीन महिने चालते, हे ठरतं.

सर्वांत आधी अंतर

ग्वाल्हेरचा किल्ला, हजीऱ्याजवळच्या मोहम्मद गौस आणि तानसेन यांच्या कबरी ही केंद्र संरक्षित स्मारकं आहेत. प्राचीन स्मारकं व पुरातत्त्वीय स्थळं कायदा १९५८ चा, त्यातली आजची परवानगीची पद्धत २०१० च्या दुरुस्तीने आली. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित, त्यापुढचे २०० मीटर विनियमित. मोजायचं ते हद्दीपासून, डोळ्यांना दिसणाऱ्या बुरुजापासून किंवा तिकीटघरापासून नव्हे. किला गेटच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर अंदाजाने ‘आमचं घर लांब आहे’ म्हणूच नये.

खिडकी बदलणं कायद्याच्या भाषेत ‘दुरुस्ती व नूतनीकरण’. नवं बांधकाम प्रतिबंधित पट्ट्यात होत नाही, दुरुस्ती मात्र होते, आणि तिच्यासाठी अट एकच पण कडक आहे: घर १६ जून १९९२ च्या आधीचं हवं, किंवा त्यानंतर पुरातत्त्व विभागाच्या मंजुरीने बांधलेलं. विनियमित पट्ट्यात ही तारखेची अट नाही, परवानगी मात्र तिथेही लागते. न घेता काम केलं तर दोन्ही पट्ट्यांत दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या ऑनलाइन प्रणालीतून सक्षम अधिकाऱ्याकडे जातो. त्याने १५ दिवसांत तो प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस द्यायची, आणि शिफारस आल्यावर अधिकाऱ्याने एका महिन्यात तुम्हाला निर्णय कळवायचा, असा कायद्यातला हिशेब आहे. खिडक्या तयार व्हायला त्यावर तीन-चार आठवडे धरा. थंडीआधी काम हवं असेल तर अर्ज जुलैत गेला पाहिजे. दिवाळीनंतर जाग आली तर यंदाची थंडी जुन्याच झडपांमागे काढावी लागेल.

अर्जासोबत मालकीचा कागद, घराचा नकाशा, दर्शनी बाजूचं रेखाटन, आजच्या खिडक्यांचे फोटो, स्मारकापासूनचं अंतर दाखवणारा नकाशा आणि कामाचं वर्णन. वर्णनावर वेळ घालवा. ‘खिडक्यांचं काम’ एवढंच लिहिलं की प्रश्न येतात. ‘आहे त्याच उघडणीत, आहे त्याच मापाच्या सहा खिडक्यांची चौकट व झडपा बदलणे; भिंत, कमान, उंची यांत बदल नाही’ असं लिहा. रेखाटनात आर्किटेक्टने हौसेने नवा छज्जा दाखवला असेल तर तो आधी खोडायला लावा. तेवढ्या एका रेषेने दुरुस्तीचा अर्ज नव्या बांधकामाचा होतो.

३०० मीटरच्या बाहेर असाल तर

इथे विषय नगर निगमचा. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श इमारत उपविधींत दारं-खिडक्या उघडणं किंवा बंद करणं हे परवाना न लागणाऱ्या कामांत धरलं आहे, पण दुसऱ्याच्या मालमत्तेकडे किंवा सार्वजनिक रस्त्याकडे उघडणाऱ्या नव्या खिडकीला ती सूट नाही. जुन्याच जागी जुन्याच मापाची खिडकी बसवणं सोपं. उघडणी रुंद करायची, शेजारच्या बोळाकडे नवी खिडकी काढायची, तर आधी निगमकडे विचारणा करा. लागलीच परवानगी तर ती नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत ऑनलाइन जाते. चुन्यातल्या जुन्या भिंतीत कमान तोडून लिंटेल (उघडणीवरची आडवी तुळई) घालणं हे खर्चाच्या दृष्टीनेही वेगळंच काम आहे.

कागद कुठे अडतात

वाड्यांत एकाच गोष्टीपाशी: नामांतरण, म्हणजे नोंदीत मालकाचं नाव बदलून घेणं. संपत्तिकराची (घरपट्टीची) पावती अजून आजोबांच्या नावावर, राहणारे तीन चुलत भाऊ, आणि अर्ज करणाऱ्याचं नाव कुठेच नाही. रजिस्ट्री किंवा वाटणीपत्र, नामांतरणाचा आदेश, चालू वर्षाची करपावती आणि आधारवरचं नाव ही एकाच माणसाकडे बोट दाखवत असली पाहिजेत. वाटणी झालेली नसेल तर बाकी हिस्सेदारांचं नोटरी केलेलं संमतिपत्र घ्या. भाडेकरू असाल तर मालकाची लेखी संमती. तोंडी ‘करून घ्या’ पुढे वादात उपयोगी पडत नाही.

खर्च आणि कर्ज

सहा खिडक्या, प्रत्येकी ४ बाय ५ फूट, म्हणजे १२० चौरस फूट. समजा चौरस फुटाला ८०० रुपये दर मिळाला: ९६,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी १७,२८०. एकूण १,१३,२८०. दरपत्रकात जाळी, जुनी चौकट काढणं, गज पुन्हा बसवणं, प्लास्टर आणि पहिल्या मजल्यासाठी परांची धरले आहेत का ते विचारा. बहुतेक वेळा ते ‘एक्स्ट्रा’ असतात. काच ठरवताना एवढं लक्षात ठेवा: ५ मिलिमीटरच्या एकेरी काचेतून जेवढी उष्णता जाते, त्याच्या साधारण निम्मी ५-१२-५ च्या (५ मिलिमीटरच्या दोन काचा, मध्ये १२ मिलिमीटर पोकळी) दुहेरी काचेतून जाते. पण सरकत्या खिडकीला ब्रश असतो, बिजागरीच्या खिडकीला रबर. वारा अडवायचा असेल तर एकेरी काचेची बिजागरीची खिडकी दुहेरी काचेच्या सरकत्या खिडकीला कधीकधी भारी पडते.

बँका घरदुरुस्तीसाठी कर्ज देतात. पॅन, आधार, पगारपत्रकं किंवा दोन वर्षांची आयकर विवरणं, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, मालकीची कागदपत्रं आणि कंत्राटदाराचं सही-शिक्क्याचं अंदाजपत्रक लागतं. मंजूर नकाशा मागितला की जुन्या वाड्याची पंचाईत होते, कारण तो बहुधा नसतोच. लाख-सव्वा लाखासाठी घर गहाण ठेवून कायदेशीर तपासणीची फी भरणं परवडत नाही. चालू गृहकर्ज असेल तर त्यावर टॉप-अप बघा.

आयकरात, राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, तीही फक्त जुन्या करप्रणालीत. २ लाखांचा आकडा लोक ऐकून असतात, तो घर घेण्या-बांधण्यासाठीच्या कर्जाचा. बँकेचं व्याज प्रमाणपत्र आणि जीएसटीचं पक्कं बिल जपून ठेवा. ‘कच्च्या’वर सूट देणारा बिलाशिवाय हमीही देत नाही.

माप आणि बसवणी

जुनी उघडणी चौकोनी दिसते, असते क्वचितच. रुंदी वर, मध्ये, खाली; उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे. प्रत्येक खिडकीच्या तीन रुंदींतली सर्वांत लहान आणि तीन उंचींतली सर्वांत लहान घ्यायची, दोन्ही कर्ण मोजायचे. चौकटीभोवती ५ ते १० मिलिमीटर फट सोडून ती फोमने आणि बाहेरून सिलिकॉनने भरायची. मिस्त्री सिमेंटने चेपून देतो, ते करू देऊ नका. जानेवारीचे ५ अंश ते जूनचे ४५, एवढ्या फरकात दीड मीटरची युपीव्हीसी पट्टी चार-पाच मिलिमीटर लांबते. जागा नसेल तर चौकट फुगते, जूनमध्ये झडप घासते आणि जानेवारीत तिथूनच पुन्हा वारा येतो. शेवटचा हप्ता देण्याआधी प्रत्येक झडप बंद करून फटीत वहीचा कागद धरा आणि ओढा. सहज सुटला तर बिजागरी आवळायला मिस्त्रीला तिथेच थांबवा.